हद्दीवर गरगरलेली काहील

मी काहील बोलतेय. व्हय, तीच ती, गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची, आठ-दहा माणसं मांडी घालून बसतील एवढी गोल लोखंडी कढई. निपाणीच्या लोहारानं मला ठोकून घडवलं, तेव्हा अख्खी पेठ कानात बोटं घालून फिरत होती. जन्मापासूनच माझा आवाज मोठा, त्याला मी काय करू?

वेदगंगेकाठच्या भरमूनं मला नेलं. हिवाळ्यात मी चुलवाणावर बसून गूळ करायची. पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद, मग मला नदीत सोडायचे. तिथं होडी कुठली? माणसं, शेळ्या, बाजाराची भाजी, सासरी निघालेल्या पोरी, सगळं माझ्यात बसायचं आणि भरमू पोहत पोहत मला ढकलायचा. अलीकडचा काठ इंग्रजांचा, पलीकडचा संस्थानाचा. मला मेलीला ते ठाऊकच नव्हतं. चिखल तर दोन्हीकडचा सारखाच चिकटायचा.

एका आश्विनात दसरा झाला, पाऊस उघडला, पाणी निवळलं. काठावर गवताचे पांढरे तुरे डोलू लागले आणि निपाणीच्या रघुवीर वकिलांना नौकाविहाराची हुक्की आली. मुंबईच्या कुठल्याशा मासिकात त्यांनी बोटीत बसलेल्या सायबांचं चित्र पाहिलं होतं. नदी होती, देखावा होता, इंग्रजांच्या मामलेदारांना खूश करायचं होतं. बोट तेवढी नव्हती. म्हणून मी!

मला चिंचेनं घासलं. गालिचा आला, लोड आले. संस्थानच्या कारभाऱ्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण अर्धी नदी त्यांची, तेही सकाळीच हजर. आणि मग बसायची पंचाईत. मामलेदार म्हणाले मी पुढं बसणार, कारभारी म्हणाले मी पुढं. अहो, माझ्यात पुढं कुठलं आणि मागं कुठलं? मी गोल! भरमूनं हात मारला की पुढचा मागं, मागचा पुढं. दर फेरीला एकजण तोंड फुगवायचा आणि वकीलसाहेब मध्ये बसून ‘वाहवा, काय देखावा!’ म्हणत चिवडा वाटायचे.

शेवटी वकिलांनीच तोड काढली. नदीच्या मध्यापर्यंत मान मामलेदारांचा, भरमू ढकलणार; तिथून पुढं मान कारभाऱ्यांचा, संस्थानचा माणूस ढकलणार. तो माणूस म्हणजे पलीकडचा शेतकरी ज्योतिबा. त्याचाही ऊस माझ्यातच आटायचा. घरात बायकोचे दिवस भरलेले, तरी हुकूम आला म्हणून बिचारा पाण्यात उतरला होता.

मध्यावर भरमूनं मला सोडलं, ज्योतिबानं धरलं, तोच पलीकडच्या काठावरून त्याची आई ओरडली, “ज्योतिबाऽ, राजाबाईला कळा सुरू झाल्यात रं! बाळ आडवं हाय! गुणाआक्काला आण बिगीनं!”

गुणाबाई म्हणजे सुईण. ती अलीकडच्या काठाला राहायची. हाक ऐकून ती पाण्यापाशी आलीसुद्धा.

“सायेब, मागं वळवतो,” ज्योतिबा म्हणाला. “आक्काला घेऊ आन जाऊ.”

“अवश्य!” मामलेदार म्हणाले. “मात्र आमच्या हद्दीत तू ढकलायचं नाहीस. भरमू ढकलेल.”

“आमच्या पाण्यात भरमूनं हात लावायचा नाही,” कारभारी म्हणाले. “आणि आम्ही बसलेले असताना मागं वळायचं म्हणजे संस्थानची माघार. आधी पलीकडं चला.”

“म्हणजे आम्ही तुमच्या मागून यायचं?” मामलेदार उखडले.

दोघेही सज्जन होते हो! बाईचं वाईट व्हावं असं एकाच्याही मनात नव्हतं. एका बाजूनं भरमू हात जोडायचा, दुसऱ्या बाजूनं ज्योतिबा. दोघांनी हात जोडल्यावर मला धरणार कोण? मी आपली जागच्या जागी गरगर गरगर. वकिलांना मळमळायला लागलं. हुकूम मोडून जायची या दोघांची छाती होईना, आणि काठावरच्या हाका काही थांबेनात.

शेवटी गुणाबाईनंच कासोटा आवळला. तिथं चरणारी एक म्हैस पाण्यात घातली, तिचं शेपूट धरलं आणि निघाली. माझ्या अगदी शेजारून गेली.

“बाई, कुठं निघालात?” मामलेदारांनी सवयीनं विचारलं.

“बसा तुमी निवांत,” ती म्हणाली. “म्हशीला हद्द कळत न्हाय, ते लई बरं हाय.”

तेव्हा कुठं ज्योतिबानं मला सोडलं आणि तिच्यामागं हात मारत सुटला. भरमूही गेला. मोठी मंडळी माझ्यात बसून वाहत वाहत खालच्या लव्हाळ्यात अडकली. तिथंही आधी कोण उतरणार यावर वाद झालाच.

राजाबाई वाचली. बाळ गेलं. मुलगा होता.

“जरा आधी पोचले असते, तर हाताला लागला असता,” गुणाबाई भरमूला म्हणाली आणि पाण्याकडं बघत बसली. मी लोखंड, मला रडता येत नाही. पण त्या दिवशी माझ्यात बसलेल्या त्या तिघांना उलथून टाकलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

पुढं वकिलांनी भाषण केलं, की या विहारानं दोन्ही सरकारांचा स्नेह वाढला. टाळ्याही पडल्या. त्या हिवाळ्यात ज्योतिबाचा ऊस माझ्यात आटला. तो चुलवाणात जाळ घालत बसायचा. रिवाजाप्रमाणं त्या गुळाची एकेक ढेप मामलेदारांना आणि कारभाऱ्यांना भेट गेली. गूळ फार गोड आहे, असा दोन्हीकडून निरोप आला.

आता सत्तेचाळीस साल आहे. माझं बूड झिजलं, लोहारानंही हात टेकले. भरमूच्या घरामागं परड्यात गंजत पडलेय. इंग्रज गेले, संस्थानंही जातील म्हणतात. परवा परड्याबाहेर नवी मंडळी बोलत होती, की आता हद्द कुठून न्यायची. आवाज बरेच चढले होते. मला म्हातारीला कोण विचारतं? तरी सांगते. बाबांनो, हद्द न्या कुठूनही. पण काठावर सुईण उभी असली, तर आधी तिला बसवा. तुम्ही मागून या.