वाढणारं झबलं

रांग माझ्या दवाखान्याच्या पायरीपर्यंत आली होती. माझ्यासाठी नव्हे हो, मी काय कुणाला पावते! रांग समोरच्या घराची होती. तिथे खोलीच्या मधोमध, मोठ्या उशीवर चार वर्षांची एक मुलगी बसवलेली आणि तिच्या अंगात पिवळ्या बदकांचं झबलं. ती वर्षाची असताना गल्लीत कृपा वाटत आलेल्या एका बुवाबाबांनी दिलेलं. चार वर्षांची झाली तरी तेच झबलं तिला मापात बसत होतं! मूल वाढतं तसं झबलं वाढतं! लोक तोंडात बोटं घालत, झबल्याच्या काठाला हात लावत पुढे सरकत होते.

"कापड नव्हे ते, कृपा आहे कृपा!" बाबा सांगत होते. "दुकानातलं कापड आटतं, आमचं वाढतं! का? दुकानदार मोजून देतो, आम्ही न मोजता देतो!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण लोक माना डोलावत होते.

मी मुलांची डॉक्टर, आणि स्वभावानं तापट. रांग मोडून आत गेले ती भांडायलाच. मुलीकडे पाहिलं आणि भांडण विसरले. सुजल्यासारखा चेहरा, कोरडी कातडी, पुढे आलेलं पोट, ओठांतून जराशी बाहेर आलेली जीभ. एवढी माणसं अंगाला हात लावत होती, पण पोर हूं की चूं करत नव्हती.

"किती शहाणी आहे बघा, कधी रडत म्हणून नाही," तिची आई कौतुकानं म्हणाली.

मी तिला बाजूला घेतलं. हळू बोलणं मला जमत नाही, पण त्या दिवशी जमवलं. "हिला उद्या दवाखान्यात आणा, बाई. हिची वाढ थांबल्यासारखी दिसतेय."

"वाढ थांबली? अहो डॉक्टरीणबाई, मग झबलं कशामुळे वाढलं? ती वाढली म्हणूनच ना?"



परत येऊन कॉम्प्युटर उघडला. वर्षाची होईपर्यंत ती लशीसाठी माझ्याकडेच यायची, तेव्हाची वजनं आणि उंच्या त्यात होत्या. आमच्याकडे एक प्रोग्रॅम आहे. हजारो मुलं कशी वाढतात यावरून तो गणित मांडतो, आणि एखाद्या मुलाची सुरुवातीची मापं दिली की त्याची पुढची वाट आखून दाखवतो. मूल नुसतं बुटकं असलं तर तो काही म्हणत नाही. बुटक्या आईबापांची मुलं बुटकी असायचीच, त्यात कसला आजार? पण मूल स्वतःच्या वाटेवरून खाली घसरायला लागलं, की तो लाल खूण करतो. हिची वाट वर्षापर्यंत ठीक होती. मी नजरेनं धरलेली उंची घातली. अंदाजच तो, पण ठिपका वाटेच्या इतका खाली पडला की मी पुन्हा पुन्हा आकडा तपासला. वर्षानंतर तिला मोजायला कुणी आणलंच नव्हतं. झबलं वाढतंय म्हटल्यावर मोजतो कोण?

तेवढ्यात समोरच्या घराची शेजारीण मुलाचा खोकला दाखवायला आली. मुलगा त्या मुलीच्याच वयाचा. मी खोचकपणे विचारलं, "तुम्ही नाही गेलात दर्शनाला?"

तिनं मान खाली घातली. "आम्हालाही त्याच दिवशी, त्याच गठ्ठ्यातलं झबलं मिळालं होतं. सहा महिन्यांत घट्ट झालं. बाबा म्हणाले, तुमची श्रद्धाच आखूड."

"आणखी कुणाचं घट्ट झालं?"

"गल्लीत सगळ्यांचंच. पण बोलणार कोण? जो तो आपली श्रद्धा झाकून बसलाय."

बघा म्हणजे! झबली घरोघर वाटली. सगळी आखूड झाली, त्याबद्दल सगळे गप्प. एका घरी पुरलं, तर तिथे रांग. नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगणही दुसऱ्याचं!

"ते झबलं आहे अजून?"

"आहे. टाकवलं नाही."

"चला घेऊन."

बाबांचं प्रवचन रंगात आलं होतं. मी मुलीच्या आईला म्हटलं, "तुमचं झबलं किती वाढलं ते बघू या का?"

"कृपा मोजत नसतात!" बाबा गरजले.

"कृपा राहू द्या हो, कापड मोजू."

आईला कसली भीती? तिनं अभिमानानं मुलीचं झबलं उतरवलं, तिला टॉवेलात गुंडाळलं आणि झबलं टेबलावर पसरलं. शेजारणीनं तिचं त्यावर ठेवलं. बदकावर बदक बसलं, बाहीवर बाही. एका धाग्याचा फरक नाही.

लोक वाकून वाकून बघायला लागले. पण बाबा कसले ऐकतात! "पाहिलंत? हिची श्रद्धा आज जागी झाली, हिचंही वाढलं!" दोन-चार माना डोलल्यासुद्धा.

"असं? मग हिचं याला बसायला हवं, घालते की!" शेजारीण तडकली आणि मुलीचं झबलं आपल्या मुलाच्या डोक्यात घालू लागली. ते त्याच्या कानांवर अडकलं. "आई, अंधार!" म्हणत पोरगा आत खिदळायला लागला. लोकही हसले.

मुलीची आई हसली नाही. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग उशीवरच्या मुलीला उतरवून त्याच्या शेजारी उभं केलं. दोघं एकाच महिन्यातली. हिचं डोकं त्याच्या छातीशी.

"म्हणजे हे वाढलंच नाही," ती म्हणाली.

"नाही," मी म्हटलं.

"मग ही पण..." मुलीला कवटाळून ती ओक्साबोक्शी रडायला लागली. बाबा कधी सटकले, कुणी पाहिलं नाही.

रक्त तपासलं. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी. जन्मापासून कमकुवत, वर्षानंतर पार थकलेली. औषध काय, तर रोज एक इवलीशी गोळी. गोळीनं मुलगी झरझर वाढली. पण मेंदू घडतो तो मुख्यतः पहिल्या दोन-तीन वर्षांत, आणि ती वर्षं निघून गेली होती. आज ती सात वर्षांची आहे. उंची बरीच भरून आली. वर्गात मात्र तिला लहान मुलांत बसवतात. पाचाच्या पुढचे आकडे विसरते, तोच प्रश्न आईला पुन्हा पुन्हा विचारते. दीड वर्षाची असताना आणली असती, तर शेजारच्या मुलासारखी धडाधड वाचत असती. हे मी तिच्या आईला सांगितलं, कारण तिनं सरळ विचारलं.

बाबा दुसऱ्या गावात आहे म्हणे. तिथे आता वाढणारे बूट देतो.

परवा मायलेकी तपासणीला आल्या. मुलगी भिंतीला टाचा लावून उभी होती, मी डोक्यावर पट्टी टेकवत होते. आई म्हणाली, "डॉक्टरीणबाई, रोज मीच तिला आंघोळ घालत होते, मीच कपडे चढवत होते. माझ्या हातांना कसं कळलं नाही हो?"

"रोज बघणाऱ्याला कळतच नाही, बाई. माझी मुलगी असती तर मलाही कळलं नसतं. म्हणून तर मोजायचं असतं."

तुम्हालाही माझं एवढंच सांगणं आहे. तुमची माया खरी आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण मायेला सेंटिमीटर दिसत नाहीत. मुलाला भिंतीशी उभं करा, खूण करा, काही महिन्यांनी पुन्हा करा. खूण सरकत नसेल तर कुणाच्या पाया पडत बसू नका, डॉक्टरकडे या, आणि लवकर या. वाढायचं वय थांबत नाही, आणि एकदा गेलं की ते कुणाच्याच कृपेनं परत येत नाही.