प्रार्थना चालू होती तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी स्टूल आहे. गोल पत्र्याची बैठक आणि चार पाय, त्यातला एक आखूड. मला जोडताना वेल्डिंगवाल्याचं लक्ष कुठे होतं कोण जाणे! माझ्यावर बसणारा आधी डगमगतो, मग माझ्याच नावाने बोटं मोडतो.

माझी उमेदीची वर्षं रुग्णालयात गेली, जिथे बरं होण्याची आशा संपलेली माणसं ठेवत, त्या खोलीत. नातेवाईक माझ्यावर बसून पेंगले, रडले, भांडलेसुद्धा. "अरे, ते स्टूल आण इकडे!" अशी हाक आली की मला कोण आनंद व्हायचा.

पुढे तिथे धर्मशास्त्राचं वरचं शिक्षण घेणारी मुलं येऊ लागली. त्यांना चॅपलन व्हायचं होतं, म्हणजे आजाऱ्यांजवळ बसून धीर देणारे रुग्णालयातले पाळक. त्यांना शिकवणाऱ्या पाळकबाई जिभेने तिखट होत्या. "आधी बसा, माणसाचं ऐका," त्या बजावायच्या, "प्रार्थना कुठे पळून जात नाही."

त्या मुलांतल्या एकाला सगळे पोपट म्हणत. हिब्रू काय, ग्रीक काय, सगळं तोंडपाठ! पण खोलीतली शांतता बिचाऱ्याला सोसायची नाही. मग तो पटकन डोळे मिटून प्रार्थनाच सुरू करायचा.

एका दुपारी तो शिंपीकाकांकडे आला. आजाराने काकांचा आवाज पार बसला होता. लेकीशी त्यांचा कित्येक वर्षं अबोला होता आणि नेमकी त्याच दुपारी ती दारात येऊन उभी राहिली. पोपटाला पाहून ती संकोचली.

"तुमचं होऊ द्या आधी. मी बाहेर थांबते," असं म्हणून तिने दार लोटून घेतलं.

काकांनी तिला पाहिलं होतं. ते उठायला धडपडले. "बाळा, जरा..."

"आधी प्रार्थना करू या, काका," पोपट माझ्यावर टेकत म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

"तिला आत बोलाव," काका पुटपुटले. मी खाटेला खेटून होतो म्हणून मला ऐकू आलं. पोपटाचा आवाज केवढा चढलेला! काकांनी त्याची बाही धरून ओढली. पुन्हा ओढली. त्याला वाटलं, प्रार्थना काकांच्या मनाला भिडली. तो आणखीच रंगात आला. अरे वेड्या, डोळे उघड! मी नुसता तळमळत राहिलो. हळूहळू काकांच्या हातातून बाही सुटली.

"आमेन" म्हणून पोपटाने डोळे उघडले तेव्हा काका गेले होते.

लेक आत आली. रडून झाल्यावर तिने विचारलं, "काही म्हणाले का हो?"

"शांतपणे गेले, ताई. शेवटपर्यंत माझी बाही धरून होते."

ती चमकली. "बाही? कापड बेतताना बाबांच्या तोंडात टाचण्या असायच्या. मी लहान होते तेव्हा काही हवं असलं की माझी बाही ओढायचे. काय हवं होतं त्यांना?"

पोपटाने आपल्या चुरगळलेल्या बाहीकडे पाहिलं.

त्यानंतर तो कुठेही प्रार्थनेला उभा राहिला की त्याची बाही ओढली जायची. निदान त्याला तसं वाटायचं. भर वर्गात तो दचकून मागे बघायचा. पुढे रुग्णालयात प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मला अडगळीत टाकलं. पाळकबाईंनी मला तिथून उचलून मुलांच्या सरावाच्या खोलीत आणलं. तिथेही पोपट माझ्यावर बसायचा तो बाह्या दुमडूनच.

"मी हे शिक्षण सोडतो," तो एकदा म्हणाला.

"सोड. पण आधी त्या मुलीला खरं काय ते सांग," पाळकबाई म्हणाल्या.

त्याने तिला बोलावून घेतलं. ती माझ्यावर बसली आणि तिने एकच विचारलं, "बाबा माझ्यावर रागावूनच गेले का?"

नाही म्हणणं किती सोपं होतं! पोपटाने मान खाली घातली. "मला माहीत नाही, ताई. माझे डोळे मिटलेले होते. त्यांनी बाही ओढली, तरी मी थांबलो नाही."

"मी दाराबाहेरच होते हो," ती म्हणाली. "तुमचं आमेन व्हायची वाट बघत."

मित्रांनो, मला नवा रंग देऊ नका, माझा गंजही खरवडू नका. पण आजाऱ्याजवळ बसाल तेव्हा डोळे उघडे ठेवा. त्याने नुसता हात हलवला तरी देवाशी चाललेलं बोलणं अर्ध्यावर सोडा आणि विचारा, "काय हवंय?"

ती लेक अजूनही अधूनमधून येते, माझ्यावर बसते आणि बाबा रागावूनच गेले का, तेच विचारते. उत्तर मला ठाऊक आहे.