ओकजूच्या नाकातली अकरा वर्षं

मित्रांनो, एवढ्यात नाक मुरडू नका. मी सिलिकॉनची जुनी पट्टी आहे आणि दक्षिण कोरियातल्या देगू शहरातल्या ओकजू नावाच्या बाईच्या नाकात मी अकरा वर्षं काढली आहेत. किळस तर मला स्वतःलाच येते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी पांढरीशुभ्र, गुळगुळीत होते. ओकजूची कॉलेजची प्रवेश परीक्षा संपली आणि तिच्या आईने बक्षीस म्हणून तिला सरळ नाक दिलं, म्हणजे मला. "जन्मभर काही होणार नाही हो!" सौंदर्य-दवाखान्यातली बाई लाडे लाडे म्हणाली.

पुढे स्थळ आलं. सासूबाई चेहरा वाचून सून निवडणाऱ्या. "हिच्या नाकावरच घराची भरभराट लिहिलीय," असं त्यांनी साऱ्या गल्लीला सांगितलं. मी फुशारले. ओकजूने मात्र पट्टीचं गुपित पोटातच ठेवलं.

नवव्या वर्षी रोज सकाळी तिची बोटं मिटली की उघडेनात. अंगात कणकण, डोळे कोरडे. घरचं किमचीचं, म्हणजे कोबीच्या आंबवलेल्या लोणच्याचं दुकान, आणि कोबीच्या पानापानांत मसाला भरणारे तिचे हातच लुळे पडू लागले. सासूबाईंनी वर्षभर जिनसेंगच्या मुळीचा काढा पाजला. गुण नाही. शेवटी त्याच तिला तक आडनावाच्या, संधिवाताच्या तज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे घेऊन गेल्या.

"शरीरात बाहेरचं काही बसवलंय का? छातीत, नाकात?" डॉक्टरांनी विचारलं.

सासूबाई शेजारीच बसलेल्या. ओकजू म्हणाली, "नाही."

शी! मी तिथेच होते, तिच्या दोन डोळ्यांच्या मधोमध, आणि मला तोंड नव्हतं.

आणखी वर्ष गेलं. नाकाचा शेंडा लाल झाला, मग पू धरला. त्या घाणीत मी दिवसरात्र लडबडून पडले होते. जुन्या सौंदर्य-दवाखान्याने मलम देऊन वाटेला लावलं. तक डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. ओकजूने रुमालाने नाक झाकलं.

"सांग ना गं!" सासूबाई कडाडल्या. "डॉक्टर, नाकात पट्टी आहे हिच्या."

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"लग्नात तुझ्या आईचं आणि आजीचं बसकं नाक पाहिलं नव्हतं का मी? पण गल्लीभर मिरवून बसले होते. कोणत्या तोंडाने सांगणार?"

दोघी एकमेकींपासून लपवत राहिल्या आणि बोटं वाकडी होत गेली. मला दोघींची चीड आली.

डॉक्टर म्हणाल्या, "परक्या वस्तूशी झगडताना शरीर कधी कधी स्वतःच्याच सांध्यांवर उठतं. हिचं तसंच झालंय, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण पू झालाय, पट्टी काढायलाच हवी. सांध्यांची औषधंही सुरू करू."

आता मी एका बाटलीत, दुकानाच्या फळीवर आहे. पिवळट, वाकडी. ओकजूची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत, डॉक्टरांकडे जाणं चालूच आहे. मित्रांनो, दुखणं अंगावर काढू नका, आणि तज्ज्ञ डॉक्टर विचारतील तेव्हा लाजेपोटी "नाही" म्हणू नका. आतली घाण आम्हा पट्ट्यांना बोलून दाखवता येत नाही.

काल किमची घातली. सासूबाईंनी पहिलं पान गुंडाळून ओकजूपुढे धरलं. गल्लीतली एक बाई कुजबुजली, "अगंबाई, सुनेचं नाक बसलं की हो!"

"ते तिचं स्वतःचं आहे," सासूबाई म्हणाल्या. "आ कर गं."