रंगातली फाइल

पडद्यावर काशिराम जाळं सांधत बसला होता आणि पनवेलच्या वाचनालयाच्या सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. अनुयाची अकरा मिनिटांची फिल्म, सगळी ब्लॅक अँड व्हाइट. खाडीचं पाणी शिशासारखं जड, जाळ्याची गाठ न् गाठ वेगळी, आणि काशिरामच्या सुरकुत्या अशा, की बघणाऱ्याचा हात आपसूक स्वतःच्या गालावर जावा. दिवे लागल्यावर फिल्म शिकवणारे सर म्हणाले, "रंग काढलेस आणि माणूस दिसला." टाळ्यांचा कडकडाट झाला.

पहिल्या रांगेत काशिरामची बायको, रंभा, बसली होती. तो जाऊन सात महिने झाले होते. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. अनुया जवळ आली तसा तिनं तिचा हात धरला.

"बेस झालाय, पोरी. पन आमची होरी निली व्हती. आन् त्यांचा बनियन लाल, मीच आनलेला. रंगाचा नाय का तुज्याकडं?"

"नाही मावशी. कॅमेराच तसा होता."

धडधडीत खोटं. रंगातली फाइल नवीन पनवेलच्या घरी हार्ड डिस्कवर होती, आणि सात महिन्यांत अनुयानं ती एकदाही उघडली नव्हती.

शूटिंगच्या दुसऱ्याच दिवशी कॉम्प्युटरवर बघताना तिला काशिरामचे डोळे पिवळे दिसले होते. कॅमेऱ्याचे रंग बिघडले, असं तिनं ठरवून टाकलं. आता होडी निळीच होती, बनियन लालच होता, आभाळही आभाळासारखंच होतं. पिवळे तेवढे डोळे. पण एवढी साधी गोष्ट त्या हुशार मुलीच्या ध्यानात येऊ नये! दोन दिवस खटपट करून रंग जुळेना, तेव्हा वैतागून तिनं ते सगळेच काढून टाकले. आणि काय सुंदर दिसलं ते! चेहऱ्यावर फक्त उजेड आणि सावली उरली, आणि ती स्वतःवरच खूश झाली. तीन आठवड्यांनी काशिराम काविळीनं गेला. काविळीच्या माणसाला जग पिवळं दिसतं म्हणतात. इथे जगाला माणूस पिवळा दिसला, तर जगानं कॅमेऱ्याला नावं ठेवली.

कार्यक्रमानंतरच्या रविवारी सकाळी अनुया लॅपटॉप घेऊन खाडीकाठच्या गावात गेली. रंभा ओट्यावर सुकट निवडत होती.

"मावशी, मी खोटं बोलले. रंगातलं आहे."

रंभानं पदराला हात पुसले आणि ती शेजारी येऊन बसली. फिल्म सुरू झाली. "ही बग होरी!" ती हरखून म्हणाली. "आन् हा बनियन!" मग काशिरामनं जाळ्यातून मान वर केली. रंभानं पुढं होऊन त्याच्या डोळ्यावर बोट ठेवलं.

"तुला दिसलं व्हतं?"

"दिसलं होतं." अनुया म्हणाली. "मला वाटलं, कॅमेरा बिघडलाय. तेव्हाच सांगितलं असतं तर... तुम्ही त्यांना दवाखान्यात नेलं असतं. चूक माझी आहे, मावशी."

अनुयाला वाटलं, आता ही आपल्याला उठवणार, आणि तिनं तसं करावं असंही वाटलं.

"मना पन दिसले व्हते," रंभा म्हणाली. "पिवले डोले. मीच बोल्ले, उनातून आलाव, जागरन झालंय. सन झाला का जाऊ डाक्टरकडं. ते बरं बोल्ले."

अनुया रडायला लागली. रंभा रडली नाही, आणि तिनं अनुयाची समजूतही घातली नाही. अजून तिचं बोट पडद्यावरच होतं. अंगणात मांजर येऊन सुकटीत तोंड घालू लागलं, तरी तिनं त्याला हाकललं नाही.

"आता रंग कार," ती म्हणाली.

"काय?"

"रंग कार. त्या दिवशी दावला तसा कर."

अनुयानं डोळे पुसले आणि दुसरी फाइल लावली. होडीचा निळा गेला, रंभानं आणलेल्या बनियनचा लाल गेला. काशिरामनं जाळ्यातून मान वर केली. त्याचे डोळे स्वच्छ होते, धडधाकट माणसाचे असतात तसे.

"परत लाव," रंभा म्हणाली.