छतावर चालणारी मुलगी आणि दोन नंबरचा कॅमेरा

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो, पण आयुष्यात मी एकही फोटो काढलेला नाही. मी टेलिव्हिजनचा कॅमेरा. माझ्यासमोर जे घडायचं ते त्याच क्षणी हजारो घरांत पोचायचं आणि तिथेच विरून जायचं. साठवून ठेवणं मला ठाऊकच नव्हतं.

कारखान्यात एका बाईंनी माझं भिंग बसवताना त्यावर हलकेच फुंकर घातली, ती माझी पहिली आठवण. मग मी लंडनच्या उत्तरेकडच्या टेकडीवरील स्टुडिओत आलो. माझ्या पाठीवर दोन हा आकडा रंगवला गेला. युद्धामुळे स्टुडिओ बंद पडला आणि सात वर्षं मी ताडपत्रीखाली काढली. ती दूर केली एनॉक ट्रँटर यांनी. तेच मला चालवत.

माझ्या मागच्या बाजूला एक काच होती. तिच्यात डोकावून एनॉक मला फिरवत. पण त्या काचेत सगळं उलटं दिसे! माणसं डोक्यावर उभी, डावं ते उजवं. शिकाऊ लोक चक्रावून जात. एनॉक यांच्या हातांना मात्र ते इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यांना विचारच करावा लागत नसे.

सन १९५१च्या हिवाळ्यात आमच्याकडे एक विज्ञानकथा सुरू झाली. दर शनिवारी एक भाग, असे सहा. अंतराळात भरकटलेल्या जहाजाची ती गोष्ट होती. जहाजाच्या भिंती प्लायवूडच्या, आणि त्यांवरची यंत्रं म्हणजे रुपेरी रंगवलेले अंड्यांचे ट्रे. सगळं थेट चाले. कुणी वाक्य विसरलं तर एक बाई बटण दाबून आवाज बंद करायच्या, वाक्य सांगायच्या आणि आवाज पुन्हा सोडायच्या. घरोघरी लोक आपलाच टीव्ही बिघडला असं समजून त्याला थापट्या मारत बसायचे. इतक्या थोड्या सामानात आकाश उभं करणारी माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत.

चौथ्या भागात जहाज उलटं होतं आणि त्यातली मुलगी छतावरून चालत जाते, असा प्रसंग होता. सुतारांनी खोलीच उलटी बांधली. टेबल-खुर्च्या वर टांगल्या, दिवा जमिनीतून वर आला. मुलीचं काम करणार होती ड्युल्सी हॅरप. तिचं हे पहिलंच काम, आणि त्यातही एवढा एकच प्रसंग.

तालीम सुरू झाली आणि एनॉक चुकले. काचेत आज खोली सुलटी दिसत होती आणि मुलगी उलटी. सुलटी खोली पाहून त्यांचे हात जुनी सवय विसरले आणि मला भलतीकडेच फिरवू लागले.

वरच्या खोलीत पडद्यावर चित्र बघणारे दिग्दर्शक क्रॉम्बीसाहेब जिना उतरून खाली आले. "ट्रँटर, मुलीचं डोकं कुठाय? मला नुसते बूट दिसतायत."

"हात चुकतोय, साहेब."

"इतक्या वर्षांत नाही चुकला तो?"

"इतक्या वर्षांत खोली कधी सुलटी दिसली नव्हती."

कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. "साडेपाचला शेवटची तालीम. तेव्हा जमलं नाही तर प्रसंग कापतो. आणि पुढच्या शनिवारपासून तुम्ही दोन कार्यक्रमांच्या मधलं घड्याळ दाखवा. ते जागचं हलत नाही."

चहाच्या वेळी ड्युल्सी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "मिस्टर ट्रँटर, ल्यूटनला माझी आई शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर आत्तापासूनच नवी टोपी घालून बसली असेल."

"मग तिला नुसते बूट दाखवून कसं चालेल?" एनॉक म्हणाले. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "पोरी, ही काच मला फसवतेय. मी ती झाकून टाकतो आणि सरळ तुझ्याकडे बघून कॅमेरा फिरवतो. पण मग चित्र स्पष्ट आहे की नाही, ते मला कळणार नाही. तू माझ्यापासून बरोबर सहा फुटांवर राहायचं. जमेल?"

त्यांनी माझ्याभोवती सहा फुटांवर जमिनीवर खडूची गोल रेघ ओढली. साडेपाचला त्यांनी काचेवर आपली टोपी ठेवून प्रसंग केला, आणि तो छान झाला. साहेब एवढंच म्हणाले, "टोपी राहू द्या."

पण एक गोष्ट सगळेच विसरले. कॅमेऱ्याची चाकं अडखळू नयेत म्हणून आमच्याकडे प्रक्षेपणापूर्वी जमीन पुसून काढत. त्या दिवशीही ती चकचकीत पुसली गेली.

प्रसंग आला. माझा लाल दिवा लागला, म्हणजे आता माझंच चित्र घरोघरी जात होतं. ड्युल्सीने पाऊल उचललं, खाली पाहिलं आणि थबकली. रेघ नव्हती. एक पाऊल पुढेमागे झालं असतं तर तिचा चेहरा धुक्यासारखा दिसला असता. घराघरांत लोक बघत होते आणि बोलायची तर कुणालाच सोय नव्हती.

तेव्हा एनॉक माझ्या आडून बाजूला झाले. एका हाताने त्यांनी मला धरलं आणि दुसऱ्या हाताचा पंजा तिला दिसेल असा वर केला. बोटं स्वतःकडे मिटली की जवळ ये, पंजा तिच्याकडे उघडला की मागे हो. तिने त्या पंजावर नजर रोखली आणि चालू लागली. मी अवजड यंत्र, मला दोन्ही हातांनी वळवणंही कठीण. तरी त्यांनी मला धक्का म्हणून लागू दिला नाही. पूर्ण दोन मिनिटं तिचा चेहरा लख्ख राहिला.

कार्यक्रम संपताच फोन खणाणले. क्रॉयडनहून एक बाई विचारत होत्या, "त्या मुलीला तिथे अंधारात काय दिसलं? कसले डोळे होते हो तिचे! आमचा चहा निवला."

साहेब फोनवर म्हणाले, "पुढच्या शनिवारी कळेल, बाई." फोन ठेवून ते एनॉककडे वळले. "ट्रँटर, आता काय दिसलं ते लेखकाला शोधावं लागणार. तुम्ही वेळेवर या म्हणजे झालं."

पुढे सुलटं चित्र दाखवणारे नवे कॅमेरे आले. एनॉक नव्या मुलांना शिकवू लागले. मी कोठारात गेलो आणि तिथून एका शाळेच्या कपाटात आलो. इथली मुलं माझ्या भिंगावर अंगठे उमटवतात. मित्रांनो, मऊ फडक्याने पुसलंत तर त्या भिंगातून अजूनही स्वच्छ दिसतं.

त्या संध्याकाळचं चित्र कुठेही उरलेलं नाही. ज्यांनी ते पाहिलं त्यांना आठवत असेल ती भेदरलेली, धीट मुलगी. तिच्यासमोर एका म्हाताऱ्याचा उघडा पंजा होता, हे मात्र त्यांना कधीच दिसलं नाही. तुम्ही एखादी सुंदर गोष्ट पाहाल, तेव्हा असा हात कुणाचा होता, हे जरूर विचारा. आणि तो माणूस भेटलाच, तर त्याला बसायला खुर्ची द्या.