डावी पापणी

"आई, तुम्ही हिच्या डोळ्यात काही घातलंत का?"

कपड्यांच्या घड्या घालता घालता सासूबाईंचे हात थांबले. "माझे हात काय विषाचे आहेत?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणतेस?"

सुनेनं नजर खाली वळवली. तीन महिन्यांची लेक मांडीवर पाय झाडत होती. उजवा डोळा टक्क उघडा. डावी पापणी फुगून तांबूस झालेली, मधे नुसती एक फट. गेले दोन आठवडे सकाळी सूज दिसायची आणि दुपारपर्यंत ओसरायची. "झोपेनं सुजतात गं," सासूबाई म्हणायच्या, "तुझा नवराही असाच उठायचा, बेडकासारखा." आज बारा वाजत आले तरी पापणी उतरायचं नाव घेत नव्हती. कॉलेजात जीवशास्त्र शिकल्याचा एवढाच उपयोग, की नको नको ते आजार नावानिशी आठवत होते.

तिनं नवऱ्याला फोन केला. तो कारखान्यातून होता तसाच आला. दवाखान्यापर्यंत त्यानंच लेकीला खांद्यावर घेतलं, आणि सकाळपासून किरकिरणारी ती तिथे डावा गाल टेकून गप्प झाली.

"बघ, माझ्याकडे कशी राहते," तो म्हणाला. एरवी ती यावर काहीतरी बोलली असती.

डॉक्टरीणबाईंनी ताप पाहिला, पापणी अलगद उचलली, विजेरी इकडून तिकडे फिरवली. तेवढ्या वेळात तिनं पदराच्या टोकाचा पीळ करून टाकला होता.

"ताप नाही. डोळा सगळीकडे फिरतोय, घाणही नाही. आत संसर्ग वाटला असता तर आत्ताच दाखल करा म्हटलं असतं. पण ताप आला, लाली वाढली किंवा डोळा पुढे आल्यासारखा दिसला, तर सकाळची वाट बघायची नाही. सरळ इस्पितळ गाठायचं."

"मग सूज कशाची?"

तिनं वही पुढे केली. दूध, शू, झोप, सूज, सगळं वेळेसकट.

"माझ्या नर्सला दाखवायला हवी ही," म्हणत बाईंनी पानं उलटली. मग त्यांचं बोट एका जागी थांबलं. "सोमवारी सकाळी सूज नाही. त्याच्या आधीच्या सोमवारीही नाही. रविवारी वेगळं काय असतं?"

"काहीच नाही. हा घरी असतो, एवढंच."

बोलून गेल्यावर तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याला तिच्याआधी कळलं होतं.

"मी फर्निचरला पॉलिश करतो, बाई," तो हळू म्हणाला. "घरी आलो की आधी हिला घेतो. पण हात धुऊन. साबणानं, दोनदा."

"आणि शर्ट?"

त्यानं मान वळवून खांद्याकडे पाहिलं. लेकीच्या लाळेचा ओला डाग पडला होता आणि त्यात लाकडाचा भुगा नि पॉलिशची तपकिरी पूड चिकटली होती.

"याचाच त्रास असेल असं वाटतं. कपडे बदलून, अंघोळ करूनच घ्यायचं. आठवडाभरात कळेल."

येताना लेक तिच्याकडे होती. तो दोन पावलं मागे चालत होता, आणि दारातूनच कारखान्यात परत गेला.

घरी आल्यावर ती सासूबाईंसमोर उभी राहिली. "आई, सकाळी मी जे बोलले..."

"डोळ्याचं काय म्हणाल्या ते सांग आधी."

संध्याकाळपर्यंत तिनं पाच वेळा ताप पाहिला. पापणी अर्धीअधिक उतरली होती. बुबुळ दिसू लागलं होतं.

सात वाजता दार वाजलं. रोज तो दारातूनच लेकीला हाक मारायचा. आज मारली नाही. पण पावलं ओळखून लेकीनं मान वळवली, हातपाय उडवले, हुंकार दिला. तो कोपरं अंगाशी घट्ट धरून, भिंतीच्या कडेकडेनं न्हाणीघरात गेला.

बऱ्याच वेळानं धुतलेल्या बनियनमध्ये बाहेर आला. केसांतून पाणी निथळत होतं. लेकीचे डोळे मिटायला लागले होते.

"घे ना," ती म्हणाली.

त्यानं हात पुढे केले. मग एक हात नाकाशी नेऊन हुंगला.

"अजून येतोय."

"मला तर नाही येत."

"मला येतोय," म्हणून तो परत आत गेला.

सासूबाई उठल्या आणि पाण्याचं दुसरं पातेलं त्यांनी गॅसवर चढवलं. मांडीवर लेक झोपी गेली होती. आत तो साबण घासत होता.