सातवं नाव

माझा भाचा अनिश तारकर्लीत होमस्टे चालवतो. समुद्र, माड आणि सुरमई एवढ्यावर पाहुणे येतात, पण त्याला तेवढं पुरत नाही. यंदा त्यानं दर शनिवारी 'ऐंशीच्या दशकातली संध्याकाळ' सुरू केली आहे. भिंतीवर जुन्या सिनेमांची पोस्टरं, माडाला टांगलेल्या कॅसेटी आणि मधल्या टेबलावर आमच्या कट्टा गावच्या घरातला रेडिओ. तो रेडिओ बंद पडून वीस वर्षं झाली. अनिशनं त्याच्या पोटात नवा स्पीकर बसवलाय आणि गाणी मोबाइलवरून लावतो. अठ्ठ्याण्णव साली जन्मलेली मुलं त्याच्यासमोर उभी राहून "किती छान दिवस होते ना" म्हणतात. कोणाचे दिवस, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर येतं. पण अनिशचं गिऱ्हाईक कशाला तोडा, म्हणून गप्प बसते.

माझ्याकडे काम पोस्टकार्डांचं. पाहुण्यांनी कार्डावर गाण्याची फर्माईश आणि आपली नावं लिहायची, अनिशनं निवेदकाच्या थाटात ती वाचायची, असा खेळ. नमुन्याचं पहिलं कार्ड मी लिहून देते. मार्चपर्यंत प्राथमिक शाळेत शिकवत होते, त्यामुळे अक्षर अजून वळणदार आहे.

खेळ म्हणे! आमच्यासाठी तो खेळ नव्हता. चौऱ्याऐंशी साली दर रविवारी दुपारी परदेशातल्या एका केंद्रावरून हिंदी गाण्यांचा फर्माईशी कार्यक्रम लागायचा. वाडीत रेडिओ आमचाच, सगळे आमच्या खळ्यात म्हणजे अंगणात ऐकायला जमायचे, म्हणून कार्डंही मीच लिहायची. एका कार्डावर दहा-बारा नावं. निवेदक त्यातली सहा वाचायचा आणि उरलेल्यांना "और उनके सभी साथी" म्हणून एका टोपलीत टाकायचा. सहाच्या आत कोण, यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे. क्रम मी ठरवायची आणि पहिलं नाव अर्थात माझं, सुभद्रा गावडे. सोळाव्या वर्षी माणसाच्या हाती इतकी सत्ता येऊ नये.

जासिंत पिंटो आमच्या शेजारची, माझ्याच वर्गातली, माझी जिवाभावाची मैत्रीण. तिचे वडील, कॉनरॅड अंकल, जहाजावर आचारी होते. जहाज आखातात असलं की त्यांच्या ट्रान्झिस्टरवर हेच केंद्र लागायचं. जासिंतनं त्यांना पत्र घातलं, की येत्या दोन महिन्यांत एखाद्या रविवारी रेडिओवर तुमच्या लेकीचं नाव येईल, एकही रविवार चुकवू नका. तिचं नाव दुसरं घालायचं आमचं ठरलं होतं.

नेमकं ज्या दिवशी कार्ड लिहायचं त्या दिवशी आमचं भांडण झालं. तिच्या आईनं तिला सिनेमातल्या नटीसारखा झगा शिवला होता, बाह्यांना झालर लावलेला. मी एकदा घालायला मागितला, तर म्हणाली, "तुका शोभूचो नाय." मी तडक घरी आले, तिचं नाव सातवं लिहिलं आणि कार्ड पेटीत टाकून मोकळी झाले. चार दिवसांनी तिनं आपण होऊन तो झगा आणून दिला. मला तो खरंच शोभला नाही. दोघी हसलो, भांडण मिटलं. कार्ड मात्र एव्हाना पार पुढे गेलं होतं आणि त्या काळी पोस्टात पडलेलं कार्ड परत घ्यायची काही सोय नव्हती.

मग मी गुपचूप दुसरं कार्ड लिहिलं, तिचं नाव पहिलं घालून. ते कधी लागलंच नाही. सहा रविवार जासिंत आमच्या रेडिओला कान लावून बसली आणि तिच्या शेजारी मी जीव मुठीत धरून. सातव्या रविवारी आमचं कार्ड लागलं. निवेदकानं सहा नावं वाचली, "और उनके सभी साथी" म्हणाला आणि गाणं सुरू झालं. जासिंत गाणं संपेपर्यंत बसली आणि उठून घरी गेली. पुढच्याच महिन्यात कॉनरॅड अंकल जहाजावर हृदय बंद पडून गेले. आई तिला घेऊन म्हापशाला माहेरी निघून गेली. बापानं ज्याची वाट पाहिली ते नाव त्याच्या कानावर मी पडू दिलं नाही, ही टोचणी मी एकेचाळीस वर्षं बाळगली. नवऱ्यालाही सांगितली नाही.

गेल्या शनिवारी नमुन्याचं कार्ड लिहायला बसले होते, तर माझ्या वयाची एक बाई सरळ रेडिओपाशी गेली आणि त्याच्या माथ्यावरचा काळा डाग बोटानं चाचपून म्हणाली, "ह्यो मेणबत्तीचो डाग मीच पाडललंय."

जासिंत! तिच्या मुलीनं, ट्रिशानं, अनिशनं टाकलेला फोटो मोबाइलवर दाखवला आणि तिनं डागावरून रेडिओ ओळखला. म्हापशाहून बांदामार्गे लेकीच्या गाडीतून आली होती. मी तिला मिठी मारली, चहा दिला आणि तो संपायच्या आत बोलून टाकलं. आणखी एक दिवस ते पोटात ठेवणं मला शक्य नव्हतं.

"जासिंत, त्या कार्डार तुझा नाव मी सातवा घातलंय. मुद्दाम. झग्याच्या रागान."

"माका म्हायती आसा," ती म्हणाली. "नावा मोजूक येतत माका."

"मगे तेव्हाच बोलाक नाय कित्याक?"

"बोलतलंय होतंय. पण पप्पा गेले आणि सगळाच रवला." तिनं कप खाली ठेवला. "तेंचा शेवटचा पत्र ते गेल्यावर पंधरा दिसांनी इला. तेच्यात ह्याच लिवललानी. 'आज सुभद्राचा नाव पयला इला. म्हणजे तू तेच्या बाजूक बसान आयकतंस. माका तेंचा खळा दिसला. गाणा संपला तरी मी रेडिओ बंद करूक नाय.'"

मला रडू कोसळलं. पाहुण्यांसमोर, पोस्टरांसमोर, पदर तोंडाला लावून मी रडले. जासिंतनं मला रडू दिलं.

मग म्हणाली, "पण माझा नाव तेंच्या कानार पडला असता तर बरा झाला असता गो. तां काय मी तुका सोडूचंय नाय."

"सोडू नको," मी म्हटलं. तिचं बरोबरच होतं.

लिहिलेलं कार्ड मी फाडलं आणि नवं घेतलं. तिचं लग्नानंतरचं आडनाव विचारलंच नाही. जासिंत पिंटो, कट्टा, एवढंच लिहिलं. गाणं तेच, त्या रविवारचं.

अनिशनं कार्ड उलटंपालटं करून बघितलं. "आत्ये, एकच नाव?"

"गप वाच."

त्यानं माइक हातात घेतला. जासिंत रेडिओसमोरच्या खुर्चीत बसली, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, तेव्हा बसायची तश्शी. मी तिच्या बाजूला बसले.

"महाराष्ट्र से, कट्टा से, जासिंत पिंटो," अनिश म्हणाला. पुढे कार्डावर काही नव्हतं, पण त्याच्या जिभेला सवय. "और उनके सभी साथी."

जासिंतनं माझ्या दंडाला करकचून चिमटा काढला.

"सभी साथी, तां तू," ती म्हणाली.